नखावरचे तीन मिलिमीटर

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी टूलरूमला आहे. आयटीआयच्या पहिल्या वर्षी, १९९४ साली, सिगारेट हातात आली आणि पुढची अठ्ठावीस वर्षं ती तिथेच राहिली. मध्ये किती वेळा सोडली याची मोजदाद नाही. त्या सगळ्या वेळी मी एकट्यानं, कुणाला न सांगता सोडली होती. परत धरली तेव्हाही कुणाला कळलं नाही. शेवटची वेळ निराळी ठरली, कारण त्या वेळी आम्ही पाच जण होतो.

निमित्त आमच्या वेल्डरचं. वय एकोणचाळीस, दिवसाला दीड बंडल विड्या. सिगारेटपेक्षा विडी बरी, पानाचीच तर असते, असं तो मनापासून मानायचा. विडीत तंबाखू कमी असते हे खरं, पण तेंदूच्या पानातून हवा नीट येत नाही, ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा झुरके घ्यावे लागतात, आणि डांबर नि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. हे आम्हाला नंतर कळलं. २०२१ च्या पावसाळ्यापासून चालताना त्याच्या पोटरीत गोळे यायचे. दिवसभर उकिडवं बसून काम करतो म्हणून येत असतील, असं आम्ही सगळेच म्हणायचो. दिवाळीच्या आधी डाव्या पायाची दोन बोटं निळी पडली, मग काळी. दिवाळीनंतर ती काढावी लागली.

आजाराचं नाव बर्जर. हातापायांतल्या लहान आणि मध्यम रक्तवाहिन्या सुजतात, आत गुठळ्या होतात आणि टोकापर्यंत रक्त पोचत नाही. तंबाखू घेणाऱ्या तरुण पुरुषांना तो गाठतो. औषधांनी दुखणं कमी होतं, पण आजार थांबवायचा तर तंबाखू पूर्ण बंद व्हायला हवी. "एक विडीसुद्धा नाही," डॉक्टरांनी सांगितलं, "नाहीतर पुढच्या वेळी घोट्यापाशी कापावं लागेल." त्यात आणखी एक अडचण. सिगारेट सोडणाऱ्याला निकोटिनचं च्युइंगम आधाराला देतात. बर्जरच्या रोग्याला तेही देत नाहीत, कारण निकोटिन कुठल्याही वाटेनं शरीरात गेलं तरी आजार धुमसत राहू शकतो. म्हणजे त्याला आधार द्यायला आजूबाजूची माणसं सोडून काहीच नव्हतं.

तो लंगडत कामावर परतला आणि पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत, सवयीनं, टपरीवर आमच्याशेजारी येऊन उभा राहिला. आम्ही ओढत होतो. तो आमच्या हातांकडे बघत होता. मी ती सिगारेट अर्धीच पायाखाली घातली. संध्याकाळी लॉकरपाशी आम्ही बोललो: वेल्डर, मी, व्हीएमसी मशिनवरचा सत्तावीस वर्षांचा मुलगा, डिस्पॅचचा क्लार्क आणि तंबाखू मळणारा स्टोअरकीपर. पुढे लिहिलंय ते त्या संध्याकाळपासून शिकलेलं.

१. सुरुवात सुट्टीच्या दिवशी नको

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. क्लार्क म्हणाला, गुरुवारीच सुरू करू, घरी आराम असतो, कामाचा ताण नसतो. मी त्याला माझे आधीचे गुरुवार सांगितले. दुपारचं जेवण झालं की हात रिकामे, घरातले आडवे झालेले, आणि कोपऱ्यावरच्या टपरीपाशी आपल्याला अडवणारं कुणी नाही. म्हणून शुक्रवार धरला, ७ जानेवारी २०२२. निकोटिन बंद झाल्यावरचा सगळ्यात जास्त त्रास पहिल्या तीन दिवसांत होतो. आमचे ते तीन दिवस कामाचे होते. आठ-नऊ तास आम्ही एकमेकांच्या नजरेसमोर असणार होतो.

त्या सकाळी गेटमधून आत आल्यावर प्रत्येकानं आपलं उरलेलं सामान बाहेर काढलं. माझं पाकीट, दोन लायटर, विडीचं अर्धं बंडल, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी. लायटर आणि डबी स्क्रॅपमध्ये गेली. बाकीचं वेल्डरनं जुन्या कूलंटच्या बादलीत टाकलं आणि फिलर रॉडच्या तुकड्यानं खाली दाबून धरलं. दुधासारख्या पांढऱ्या पाण्यावर तंबाखू हळूहळू सुटून वर आली. कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं पाकीट दुपारी परत काढता येतं, आणि ते मी केलेलं आहे. त्या बादलीतून काही परत येणार नव्हतं.

२. आधी मिनिटं मोजा

शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडी उतरायला लागते. पुढच्या एक-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो आणि रक्त पुन्हा पुरेसा प्राणवायू वाहू लागतं. व्हीएमसीवरच्या मुलानं हे फोनमध्ये टिपून आणलं होतं आणि तो ओरडून सांगायचा. पहिल्या दिवशी सकाळी सव्वाआठला त्यानं मशिनवरून आवाज दिला, "वीस मिनिटं झाली!" शॉपमधल्या बाकीच्यांना काही कळलं नाही. आम्हाला कळलं. इतकी छोटी गोष्ट मोठ्यानं बोलली गेल्यावर छातीत काय होतं ते सोडणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरी मोजणी तलफेची. तलफ आली की वाटतं, आता ही दिवसभर मानगुटीवर बसणार. प्रत्यक्षात तिचा जोर चार-पाच मिनिटं टिकतो आणि ओसरतो. त्या मुलाच्या मशिनवर तेव्हा जो जॉब लागला होता त्याची सायकल सहा मिनिटांची होती. तलफ आली की तो सायकल स्टार्ट करायचा, पाणी प्यायचा, मोठे श्वास घ्यायचा आणि काचेतून कटरकडे बघत उभा राहायचा. दार उघडायच्या आत तलफ गेलेली असायची. तिसऱ्या दिवशी वेल्डर त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि दोघांनी मिळून एक सायकल काढली. मग दुसरी. सुपरवायझरनं विचारलं, तेव्हा मुलानं खरं काय ते सांगितलं. सुपरवायझर काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेल्डरसाठी एक स्टूल तिथे ठेवायला लावलं.

३. चहा अर्धा करा

हे आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर पहिला आठवडा बराच सुसह्य झाला असता. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत चहा-कॉफीतलं कॅफिन झपाट्यानं निकालात काढत असतं. धूर बंद झाला की तो वेग उतरतो. चहा तेवढाच घेतला तरी कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. हात थरथरतात, छातीत धडधडतं, रात्री झोप येत नाही, आणि माणूस समजतो की हे सिगारेट सोडल्यामुळे झालं, आता ओढल्याशिवाय बरं वाटणार नाही. मी दिवसाला सहा कप प्यायचो. तीनवर आलो आणि चौथ्या रात्री झोप लागली.

टपरीही बदलली. चहा घेऊन आम्ही कंपाउंडमधल्या कडुलिंबाखाली जायला लागलो. महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट-विडी विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी आमच्या टपरीवर ती मिळत होती, आणि एकच तर घेतोय हा विचार सुट्ट्या सिगारेटमुळेच सुचतो.

४. निकोटिनचं गम चघळायचं नसतं

म्हणजे साध्या च्युइंगमसारखं चघळायचं नसतं. उठल्यापासून अर्ध्या तासात मला पहिली सिगारेट लागायची, म्हणून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मला चार मिलिग्रॅमचं लिहून दिलं. दोन-चारदा चावायचं, जिभेला झणझण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झणझण गेली की पुन्हा. त्याच्या पंधरा मिनिटं आधी चहा नाही. मी पहिले दोन दिवस कचाकचा चावलं, उचक्या लागल्या आणि पोटात जळजळलं. स्टोअरकीपरनं तंबाखूऐवजी गोड सुपारी सुरू केली होती. ती बंद करायला लावली. सुपारी स्वतःच कॅन्सरला कारण आहे, तंबाखू तिच्यात असो वा नसो. त्यानं मग सुंठेचा खडा खिशात ठेवला आणि पुढे आम्ही सगळ्यांनीच ठेवला.

५. पहिला आठवडा साजरा करा, आणि कुणाच्या तरी समोर करा

आमचे सात दिवस १३ जानेवारीला पूर्ण झाले. तो गुरुवार होता, प्रत्येक जण आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी संक्रांत. वेल्डरच्या बायकोनं तिळाच्या वड्या पाठवल्या होत्या, स्टीलच्या डब्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून. कडुलिंबाखाली आम्ही त्या वाटल्या. "गोड बोला" कुणी म्हटलं नाही. ज्याला वडी द्यायची त्याच्या पूर्ण झालेल्या दिवसांचा आकडा म्हणायचा असं आपोआप ठरलं. "सात." "सात." "सात." पाचही जणांचे सात. वेल्डरनं माझ्या हातावर वडी ठेवली तेव्हा त्याची बोटं गरम लागली. महिन्याभरापूर्वी दवाखान्यात मी त्याचा हात धरला होता, तेव्हा ती गारठलेली होती.

माझ्या आधीच्या एका वेळी मी एकेचाळीस दिवस काढले होते. चाळिसावा दिवस आला तो मी मनातल्या मनात मोजला आणि संध्याकाळी नेहमीसारखा घरी गेलो. कुणाला ठाऊकच नव्हतं. बेचाळिसाव्या दिवशी परत ओढली, तेव्हाही कुणाचं काही बिघडलं नाही. आता घरी कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, मी लाल पेननं रोज आकडा लिहायला लागलो. बायको दूधवाल्याचा हिशेब करताना तो आकडा वाचायची. एवढं पुरतं.

६. समदुःखी माणसाचं काम डॉक्टर करू शकत नाही, आणि डॉक्टरचं काम समदुःखी माणूस

दोन्ही लागतात. तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर २०१८ पासून एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. ही सरकारची मोफत क्विटलाइन. इतकी वर्षं माझ्या खिशात तो नंबर होता आणि मी फक्त पाकिटावरचं चित्र अंगठ्याखाली झाकत होतो. आम्ही फोन केला. पलीकडच्या बाईंनी किती वर्षं, किती, कधी, कशाबरोबर असं सगळं शांतपणे विचारलं आणि नंतर स्वतःहून फोन करत राहिल्या. सुपारीचं त्यांनीच सांगितलं. वेल्डरला गम नको हे डॉक्टरांनी सांगितलं. ही माहिती आम्ही एकमेकांना देऊ शकलो नसतो.

पण रात्री साडेदहाला, जेवणानंतर, गॅलरीत उभं राहिल्यावर घशात जे होतं ते त्याच वेळी दुसऱ्या गॅलरीत ज्याला होतंय त्यालाच सांगता येतं. क्लार्क मला फोन करायचा. "होतंय का?" "होतंय." बस, एवढंच बोलणं.

अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावातल्या लोकांचा पिढ्यानपिढ्या अभ्यास चालू आहे. तिथल्या बारा हजारांवर माणसांची १९७१ पासूनची तीसेक वर्षांची नोंद तपासून २००८ मध्ये दोन संशोधकांनी दाखवून दिलं की माणसं सिगारेट घोळक्यानं सोडतात. नवरा-बायकोतल्या एकानं सोडली तर दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी उतरते, मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी, आणि लहान कारखान्यात किंवा कचेरीत शेजारी काम करणाऱ्यानं सोडली तर ३४ टक्क्यांनी. हा शेवटचा आकडा मी व्हीएमसीवरच्या मुलाच्या तोंडून ऐकला तेव्हा आमची शॉप डोळ्यांपुढे आली.

आपल्याकडे हे जुनंच आहे. अनिता आणि अनिल अवचटांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण उभं केलं. व्यसनातून बाहेर आलेला माणूसच तिथे दुसऱ्याला हात देतो. पण या जागा आपल्याला दारूसाठी आठवतात. तंबाखूसाठी कुणाचा हात धरायचा असतो हेच आपल्या मनात येत नाही, कारण तंबाखूनं कुणी रस्त्यात पडत नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे चारेक टक्के निघाले, आणि मळणारे-चघळणारे जवळपास २४. म्हणून माझं सांगणं आहे की गट करताना मळणाऱ्याला वगळू नका. आमचा स्टोअरकीपर पहिले चार दिवस म्हणत होता, तुमचं निराळं, माझं निराळं. पाचव्या दिवशी रिकाम्या तळहातावर अंगठा घासता घासता त्यानं मला बघितलं. मीही त्याच क्षणी दोन बोटं ओठांपाशी नेली होती. त्यानंतर तो निराळं म्हणाला नाही.

७. अंगावरची खूण शोधा

उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची नखं माझी पिवळी होती. इतकी वर्षं बघून ती मला नखाचाच रंग वाटायची. तिसऱ्या आठवड्यात गेज साफ करताना लक्ष गेलं: नखाच्या मुळाशी चंद्रकोरीसारखी एक स्वच्छ, गुलाबी पट्टी आली होती. तिच्यावर पिवळा सगळा भाग, मध्ये रेघ मारल्यासारखी हद्द.

टूलरूमचा माणूस मोजल्याशिवाय राहत नाही. ६ फेब्रुवारीला, एकतिसाव्या दिवशी, व्हर्नियरचा जबडा नखाच्या मुळाशी टेकवला आणि हद्दीपर्यंत सरकवला. तीन मिलिमीटर आणि वर थोडं. हाताचं नख महिन्याला साधारण एवढंच वाढतं, हे पुस्तकातही तसंच आहे. मी आकडा कालनिर्णयवर लिहिला. वेल्डरला बोलावून दाखवला. तो बराच वेळ माझं बोट धरून बघत होता. मग म्हणाला, "दादा, हे तीन मिलिमीटर तुम्ही विकत घेतलेले नाहीत. हे आतून आलेत."

रक्तदाब, फुप्फुसाची ताकद, हे सगळं डॉक्टर मोजतात आणि आपण विश्वास ठेवतो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका निम्म्यावर येतो, दहा वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर. खरं आहे, पण ते दिसत नाही. नख दिसतं. साडेचार महिन्यांनी पिवळ्याची शेवटची कड मी नेलकटरनं कापली.

८. खोकला वाढला तर घाबरू नका

श्वासनलिकेच्या आतले बारीक केस धुरानं निपचित पडलेले असतात. ते पुन्हा हलायला लागले की साचलेला कफ वर ढकलतात. पहिले काही आठवडे मला खोकला जास्त झाला आणि क्लार्कला तर वाटलं, सोडल्यामुळेच आजारी पडलो. कफात रक्त दिसलं किंवा खोकला रेंगाळला तर मात्र डॉक्टर गाठा, त्यात चालढकल नको. वजनही वाढतं, वर्षभरात चार-पाच किलो. वाढू द्या. ते नंतर उतरवता येतं.

९. घरच्यांना काय विचारायचं ते सांगून ठेवा

माझी बायको रोज संध्याकाळी माझ्या शर्टाचा वास घ्यायची. मी तिला दोष देत नाही, वीस वर्षं मी तिच्याशी खोटं बोललो होतो. पण त्या वासानं मी रोज आरोपी व्हायचो. एका रात्री मी तिला म्हटलं, ओढली का असं विचारू नकोस, आज किती झाले असं विचार. तिनं दुसऱ्या दिवशी दारातच विचारलं, "अहो, आज किती?" "एकोणीस." तिनं चपला बाजूला सरकवून मला आत घेतलं.

१०. घसरलात तर त्याच दिवशी सांगा

१८ मार्च, धुळवड, एकाहत्तरावा दिवस. जुन्या मित्रांबरोबर एकाच्या शेतावर गेलो होतो. बिअर होती. दोन ग्लासांनंतर कुणीतरी पेटवलेली सिगारेट पुढे केली आणि माझ्या हातानं ती घेतली. ठरवून घेतली नाही, नाकारलीही नाही. पूर्ण ओढली. डोकं गरगरलं आणि ती मला आवडली, हे लिहिलंच पाहिजे, कारण पुढच्या माणसाला कुणी सांगितलं की परत ओढली तर घाण वाटते, तर ते खरं नाही.

रात्री मी ठरवलं, सांगायचं नाही. एकच तर होती. सकाळी कामावर गेलो, कडुलिंबाखाली आकडे म्हणायची वेळ आली. वेल्डर म्हणाला, "बाहत्तर." मुलगा म्हणाला, "बाहत्तर." माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून आकडा फुटेना. सांगून टाकलं.

कुणी रागावलं नाही. कुणी जाऊ दे असंही म्हटलं नाही, आणि ते बरं झालं. वेल्डरनं विचारलं, "कुठे? कुणाबरोबर? पोटात काही होतं का?" ऑफसाइझ झालेल्या जॉबचं कारण शोधतात तसं आम्ही ते शोधलं. दारू, जुनी मंडळी, उन्हात रिकामी दुपार. सहा महिने दारूच्या बैठकीला जायचं नाही असं ठरलं. मग प्रश्न आला आकड्याचा. क्लार्कचं म्हणणं, एकापासून सुरुवात. मुलाचं म्हणणं, एका सिगारेटनं सत्तर दिवस पुसले जात नाहीत. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी वेल्डरनं पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं दोन रकाने पाडले: सलग आणि एकूण. माझं सलग एक, एकूण एकाहत्तर. पहिल्या रकान्यानं माणूस जागा राहतो, दुसऱ्यानं उभा राहतो. परत एकदा गट करायची वेळ आली तर मी पहिल्या दिवसापासून दोन्ही रकाने ठेवीन.

११. बक्षीस सगळ्यांचं मिळून एकच असावं

माझ्या दिवसाला बारा सिगारेटी होत, दहा रुपयांना एक. ते १२० रुपये रोज मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत होतो. बाकीचेही आपापलं टाकत होते. शंभरावा दिवस १६ एप्रिलला आला आणि त्या दिवशी हनुमान जयंती होती. शॉपमधल्या मारुतीला नारळ फोडला, सुंठवडा वाटला.

क्लार्क म्हणत होता, पैसे वाटून घेऊन ज्यानं त्यानं आपल्याला हवं ते घ्यावं. ते झालं नाही. वेल्डरला कंपनीचे सेफ्टी शूज चावत होते. दोन बोटं गेल्यावर पाय आत सरकायचा आणि जखमेची जागा लोखंडी टोपीवर घासायची. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला छोटी जखमही महागात पडते. आम्ही त्याच्या पायाचं माप देऊन, आत मऊ गादी घालून, टोकाशी ऐसपैस पण टोपी असलेले बूट करून घेतले होते. त्यानं खोकं उघडलं, बूट घातले आणि टूलरूमच्या दारापासून गेटपर्यंत चालत गेला, परत आला. लंगड होतीच, पण पाऊल पूर्ण टेकत होतं.

आकडे म्हणायची वेळ झाली. तिघांचे शंभर. माझे सलग एकोणतीस. मी मागे उभा होतो, पेढा घ्यायला पुढे झालो नाही. वेल्डर नव्या बुटांनी माझ्यापर्यंत आला. "दादा, शंभरातले नव्याण्णव दिवस तुम्ही माझ्याबरोबर होता," तो म्हणाला आणि पेढा माझ्या तोंडात घातला.

तिघांचेच शंभर का, हे पुढे लिहितो.

१२. गेलेल्या माणसाला फोन करत राहा

क्लार्कनं चौऱ्याण्णवाव्या दिवशी परत धरली. घरात आजारपण होतं, रात्री दवाखान्यात काढाव्या लागत होत्या. शंभराव्या दिवशी तो आला, पैसेही आणले, पण मे महिन्यात त्यानं नोकरी बदलली आणि कडुलिंबाखालची जागा सुटली. मी त्याला पहिल्या तारखेला फोन करतो. विषय काढत नाही. मुलांची शाळा, पाण्याची टंचाई, काहीही बोलतो. गेल्या पावसाळ्यात त्यानं आपणहून सांगितलं, "सतरा दिवस झालेत." मी विचारलं, "एकूण?" तो थोडा वेळ गप्प राहिला, हिशेब करत असावा. "सव्वादोनशे तरी असतील, दादा," म्हणाला.

आम्हा बाकीच्या चौघांची अजून सुटलेलीच आहे. माझे स्वतःचे सलग शंभर २६ जूनला झाले. त्या दिवशी रविवार होता, पाऊस होता, आणि तिघं छत्र्या घेऊन कडुलिंबाखाली थांबले होते. वेल्डरचा पाय शाबूत आहे. दर सहा महिन्यांनी तो दाखवून येतो.

१३. तुमच्या मागून येणाऱ्याला जागा द्या

महिन्याभरापूर्वी ग्राइंडिंगला नवीन मुलगा लागला. बावीस वर्षांचा, दिवसाला पाकीट. दुपारी तो एकटाच टपरीवर जायचा. आम्ही त्याला काही बोललो नाही. एक दिवस तो चहा घेऊन कडुलिंबाखाली आला आणि तुम्ही रोज आकडे कसले म्हणता ते विचारलं. वेल्डरनं बूट काढून पाय दाखवला. पुढच्या शुक्रवारी त्याचा पहिला दिवस होता.

तिसऱ्या रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्याच्याकडे मागे मालगाडीचा आवाज येत होता, रूळ जवळ असावेत. मी विचारलं, "होतंय का?" "होतंय, काका." मग आम्ही दोघं गप्प उभे राहिलो. गाडी बराच वेळ जात होती. डबे संपल्यावर तो म्हणाला, "गेली." गाडी म्हणाला की तलफ, मी विचारलं नाही.

काल त्याचा बारावा दिवस. चहाच्या आधी तो टूलरूमला आला, फडक्यानं हात पुसले, उजव्या हाताची तर्जनी सरफेस प्लेटवर ठेवली आणि म्हणाला, "काका, माझं मोजा."

मी खिशातून चष्मा काढला आणि व्हर्नियर शून्यावर आणून बघितला.